गडग्यातला विंचू, अंथरुणातली मण्यार आणि ओहोटीतलं पाकट

पुण्याचं एक कुटुंब मे महिन्यापासून गुहागरजवळच्या सासरच्या जुन्या घरात कायमचं राहायला येतंय. मुलं दोन, एक सहा वर्षांचं आणि एक अकरा. ताईंनी विचारलंय की तिथे जमिनीवर आणि समुद्रात विषारी, जीवावर बेतेल असं काय काय आहे, घरात कुठलं औषध ठेवावं आणि ऑनलाइन मिळणारं सर्पदंशाचं किट मागवावं का. त्यांना भीती वाटते ती धामण, घोरपड, पाल, मोठा काळा विंचू आणि शार्क यांची.

ताई, मी याच पट्ट्यात 26 वर्षं डॉक्टर आहे. तुम्ही नावं घेतलेल्या एकाही प्राण्यामुळे माझ्यासमोर माणूस दगावलेला नाही. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाऊन तुमचं भलंच करते. घोरपडीला डिवचलं तर ती ओरबाडेल, चावेल, पण त्यानं जीव जात नाही. पालीला विष नसतं. काळी इंगळी दिसायला भयंकर असते आणि तिच्या नांगीनं माणूस रात्रभर कळवळतो, पण सकाळी चहा पितो. शार्क म्हणजे आपली मुशी. ती आपल्याला चावण्यापेक्षा आपण तिला मसाल्यात शिजवण्याचंच प्रमाण जास्त. 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मुशीनं एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला, हे खरं आहे. पण असं इतकं क्वचित घडतं की त्याची राज्यभर बातमी होते.

मी ज्यांच्यामुळे माणसं जाताना पाहिली ते प्राणी लहान आहेत, बहुतेकदा दिसतही नाहीत, आणि त्यांच्या दंशानंतर पहिला तासभर सगळं ठीक वाटतं. धोका आहे तो त्या तासात.

सुरुवात मण्यारीपासून करतो, कारण तुम्ही मे महिन्यात येताय.

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातलीच पहाट. साडेचारला दारावर थाप पडली. मुंबईहून सुटीला आजोळी आलेला नऊ वर्षांचा मुलगा. पोटात कळा, दोन उलट्या. रात्री सगळी भावंडं पडवीत जमिनीवर ओळीनं झोपली होती. माझ्याकडे येण्याआधी त्याला आणखी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. आई म्हणाली, "आंबे जास्त झाले ओ, नि रात्रभर झोप नाय, म्हणून डोळे मिटतायत." मी त्याला म्हटलं, वर आढ्याकडे बघ. त्यानं जोर लावला. कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या अर्ध्यावरच अडकून राहिल्या. जीभ काढ म्हटलं, तर ती दातांच्या पुढे येईना. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, कारण त्याला गिळता येत नव्हतं. टॉर्च मारून अंगाचा इंच न् इंच पाहिला. दंशाची खूण कुठेच नव्हती.

मण्यार अशीच चावते. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते, झोपेत हात किंवा कूस तिच्यावर पडली की चावते. दात इतके बारीक की झोपलेल्याला कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो, मग पापण्या उतरतात, मग आवाज, मग गिळणं, शेवटी श्वास. त्या मुलाला मी सापाची लस सुरू केली, 108 बोलावली. श्वास उथळ होत गेला तेव्हा घशात नळी घातली आणि दीड तासाच्या वाटेवर मी आणि माझा मदतनीस आळीपाळीनं हातानं फुगा दाबत राहिलो. तीन दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. हात उचलत नव्हता, डोळे उघडत नव्हता, बाहुल्या मोठ्या झालेल्या. नातेवाईक विचारत होते की आता काही राहिलंय का. पाचव्या दिवशी नळी निघाली. नंतर तो मला म्हणाला, "गाडीत तुम्ही बोलत होता ते सगळं मला ऐकू येत होतं."

हे मुद्दाम सांगतोय. मण्यारीचा रुग्ण मेल्यासारखा दिसतो, पण आत जागा असतो. त्याचा श्वास कुणीतरी चालू ठेवला तर तो परत येतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशा माणसांना गावातच "गेला" म्हणून झाकलेलं मी पाहिलंय.

त्यामुळे तुमच्या घरात पहिली वस्तू यायला हवी ती मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. आणि झोपायला खाट. किटच्या पैशात दोन्ही गोष्टी येतील. किटमधल्या ब्लेडनं कापणं, पंपानं ओढणं, वर दोरी आवळणं, या तिन्हीनं नुकसानच होतं. विष काही सेकंदांत आत गेलेलं असतं, ते ओढून येत नाही. दोरी आवळून आणलेला पाय मी काळा पडलेला पाहिलाय आणि तो कापावा लागलाय. कुणी आधीच घट्ट बांधलं असेल तर वाटेत झटक्यात सोडू नका. अडलेलं विष एकदम शरीरात जातं, म्हणून ते डॉक्टरांसमोर सोडलेलं बरं.

आता फुरसं. तुम्ही येताय तो सगळा भाग जांभ्या दगडाचा, कातळाचा. फुरशाला तोच आवडतो. आपल्याकडचं फुरसं हातभरसुद्धा नसतं, मातकट तपकिरी रंगाचं, वाळक्या पाल्यात पाहूनही दिसत नाही. डिवचलं तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवत चालल्यासारखा खर्र आवाज येतो. गवत कापताना, चिरा उचलताना, गडग्याचा, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाचा, दगड सारताना बोटाला चावतं. लोकांना वाटतं, एवढंसं तर आहे. बोट सुजतं, हळद लावतात, कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, जुन्या जखमेतून रक्त. फुरशाच्या विषानं रक्ताची गोठण्याची ताकद संपते, आणि लस दिली नाही तर ती अवस्था कित्येक दिवस टिकते. चार दिवस घरी काढून पाचव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन आलेली बाई मी पाहिली आहे. ती वाचली नाही.

हे ओळखायची तपासणी इतकी साधी आहे की रुग्णाच्या नातेवाइकांनीही ती समजून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. मग हळूच तिरकी करायची. रक्त जेलीसारखं धरून राहिलं तर ठीक. पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं तर लस सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको, आणि साबणानं धुतलेली तर मुळीच नको, कारण मग चांगलं रक्तही गोठत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली नळी लावतो आणि नातेवाइकांना सांगतो, मोठा काटा चार घरं पुढे सरकला की हाक मारा. त्या 20 मिनिटांत घरच्यांची घाबरगुंडीही थोडी उतरते. पहिल्या वेळी गोठलं तरी दंशाच्या रुग्णाला 24 तास ठेवून घेतो आणि तपासणी पुन्हा पुन्हा करतो.

घोणस याच जातीचं विष घेऊन येते, पण मोठ्या मापात. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगराचं पिल्लू समजून तिला हातात घेणारे दरवर्षी कुठेतरी निघतात. तिनं रक्ताबरोबर मूत्रपिंडंही जातात, म्हणून तिचा रुग्ण डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी लवकर पोचावा. नाग सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याबद्दल इतकंच की त्याचं विष मण्यारीसारखं मज्जातंतूंवर जातं, पण त्यात निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनचा उपयोग होतो, मण्यारीत सहसा होत नाही.

या चौघांवर भारतात एकच मिश्र लस मिळते. मुंबईत परळची हाफकिन ती पूर्वापार बनवत आली आहे. लहान मुलाला डोस कमी लागतो असं अनेकांना वाटतं, अगदी वैद्यकीय क्षेत्रातल्या काहींनाही. साप मूल बघून विष कमी सोडत नाही, त्यामुळे मुलालाही मोठ्याइतकाच डोस, म्हणजे सुरुवातीला 8 ते 10 बाटल्या. लसीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून शेजारी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरलेलं असावं लागतं. घरी फ्रिजमध्ये लस ठेवायचा विचार मनात असेल तर तो याच कारणासाठी सोडून द्या. आणि साप विषारी असो की बिनविषारी, मारून पिशवीत घालून आणू नका. मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी आम्ही लक्षणांवरून उपचार करतो.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यातले, घरी झालेले, आणि निम्मे जून ते सप्टेंबरमधले. घरी हा शब्द मला फार लागतो. ही माणसं औषध असलेल्या दारापर्यंत पोचलीच नाहीत.

विंचवाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या कोकणातलीच आहे. काळी इंगळी मोठी, आणि लाल विंचू बोटभर, तांबूस पिवळा, पुढचे चिमटे बारीक असलेला. मारतो तो हा लाल. 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या विंचवाच्या दंशानं दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांतले शंभरातले चाळीसच्या आसपास मरत होते. लोक म्हणायचे विष चढलं. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशी बसून पाहिलं की हे रुग्ण घामानं न्हातात, ओकतात, हातपाय बर्फासारखे होतात, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. मरणाचं कारण हृदयावर आलेला ताण होतं. 1982 मध्ये त्यांचं हे निरीक्षण 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. पुढे त्यांनी रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज मी पेटीतून प्राझोसिनची पट्टी काढतो तेव्हा दर वेळी ते बिरवाडीचं केंद्र डोळ्यांसमोर येतं.

घरात काय पाहायचं ते सांगतो, हे मनात पक्कं ठेवा. विंचू चावल्यावर मूल ठणक्यानं जोरजोरात रडतंय, अंग कोरडं आणि गरम आहे, तर बहुधा निभावतं. ठणका फारसा नाही, मूल गप्प झालंय, कपडे घामानं ओले, तळपाय गार, उलटी झाली, तर क्षणभर थांबू नका. मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणं हेही याच विषाचं लक्षण आहे. लाजेपोटी आया ते सांगत नाहीत, म्हणून मी स्वतः विचारतो. प्राझोसिन दिल्यावर मुलाला उचलून उभं करायचं नाही, आडवंच ठेवायचं, रक्तदाब एकदम पडतो. ही गोळी घरी आणून स्वतः देऊ नका, पण तुमच्या जवळच्या डॉक्टरांकडे ती आहे का हे जरूर विचारा. विंचू जास्त निघतात ते उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत पेंढा रचताना. बूट, चपला, दोरीवरचे कपडे झटकून घ्यायची सवय मुलांना आल्या दिवसापासून लावा. लाकडांची रास आणि चिऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला टेकून ठेवू नका. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, रात्री जाताना टॉर्च हातात हवाच, मोबाइलचा मिणमिणता नको.

जमिनीवरचं आणखी एक राहिलं, आग्यामाश्या. तुम्ही किल्ल्यांवर फिरायला जाल. कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ दिसलं की धूर नको, आरडाओरडा नको, अत्तर नको. माश्या उठल्या तर तोंड आणि डोकं झाकून पळायचं, अर्धा किलोमीटर तरी. पाण्यात बुडी मारून बसू नका, त्या वर थांबून राहतात. एक-दोन डंखांनंतरही कुणाचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, तर ती ॲलर्जी आहे आणि त्यात माणूस अर्ध्या तासात जाऊ शकतो.

आता समुद्र. इथे जीव जातो तो बुडून, विषानं फार क्वचित. हे आधी लिहितो म्हणजे प्रमाण सुटणार नाही.

आमच्याकडे किनाऱ्यावरून सर्वांत जास्त रुग्ण येतात ते पाकटाचा काटा लागलेले. पाकट म्हणजे पंख्यासारखा चपटा मासा, उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून राहतो. पाय पडला की शेपटी वर फिरवतो, आणि शेपटीवरचा करवतीसारखा काटा घोट्यात घुसतो. 2013 साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनात कित्येक जणांना असेच काटे लागले होते, तेव्हापासून विसर्जनाआधी पाकट आणि जेलीफिशपासून जपायच्या सूचना निघतात. दणकट कोळी माणूस खाटेवर लोळतो अशी ती वेदना असते. त्यावर सर्वांत चांगला उपाय आहे गरम पाणी. पाकटाचं विष उष्णतेनं निकामी होतं. सोसेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात पाय तास-दीड तास बुडवून ठेवायचा, निवलं की पुन्हा गरम घालायचं. पाणी आधी धडधाकट माणसानं स्वतःच्या कोपरानं तपासायचं, कारण वेदनेत रुग्णाला भाजलेलं कळत नाही. पहिल्या दहा मिनिटांत चेहरा सैल पडताना दिसतो. मी इंजेक्शन भरायच्या आधी चुलीवर पाणी ठेवायला सांगतो. पण काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो ओढू नका, तसाच ठेवून मोठ्या रुग्णालयात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का हे पाहून घ्यायचं, नाहीतर जखम महिनोन् महिने वाहते. मुलांना एक शिकवा, उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवर घासत घासत चालायचं. चाहूल लागली की पाकट स्वतःहून सरकतं.

शिंगाळा या माशाचा काटाही विषारी. जाळं सोडवताना कोळी भगिनींच्या बोटांना तो रोजच लागतो, उपाय तोच गरम पाण्याचा. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळे फुगे, म्हणजे ब्लूबॉटल हे जेलीफिशसारखे प्राणी, किनाऱ्याला लागतात, लांब निळ्या दोऱ्या लोंबणारे. 2018 च्या ऑगस्टमध्ये जुहूला त्यांनी बऱ्याच जणांना पोळलं होतं. वाळूवर मेल्यासारखे पडलेलेही पोळतात आणि मुलं नेमकी तेच उचलतात. पोळलं तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, लघवी लावायची नाही, गोड्या गार पाण्यानं धुवायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवून, दोऱ्या कार्डानं किंवा चिमट्यानं काढून, मग गरम पाणी. खडकांतल्या डबक्यात मुलांना शंखशिंपले गोळा करू द्या, पण सुळक्यासारखा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातात घेऊ देऊ नका. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते. आणि केंड हा फुगणारा मासा कुणी दिला तर शिजवू नका, त्याचं विष शिजवून जात नाही.

समुद्रसाप हा विषय मच्छीमारांचा आहे, पोहणाऱ्यांचा नाही. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते, त्यावरून ओळखू येतो. सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात ट्रॉलरच्या जाळ्यात ते नेहमी येतात आणि तांडेल लोक त्यांना शेपटीला धरून परत पाण्यात भिरकावतात. दंश दुखत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग जखडतं, मान आणि जबडा ताठ होतो, लघवी काळपट तपकिरी येते, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकत असतात. आपली लस यावर चालत नाही, आणि यावरची लस भारतात बनत नाही. मग सलाईन, डायलिसिस आणि देखरेख. म्हणून मी इथल्या होडीवाल्यांना सांगतो, चावला तर जाळं पुरं करत बसू नका, होडी वळवा.

तुम्ही यायच्या आधी एक काम नक्की करा. सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे आत्ता सापाच्या लसीच्या किती बाटल्या आहेत, आणि रात्री डॉक्टर असतात का. उत्तर 10 पेक्षा कमी आलं तर पुढच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन करा, मग उपजिल्हा रुग्णालयाला. व्हेंटिलेटर कुठे आहे तेही विचारा. मग एकदा रात्री गाडी काढून तिथपर्यंत जाऊन या, किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा, वाटेत मोबाइलची रेंज कुठे जाते तेही. ते आकडे आणि 108 एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.